हमालांचा मेंबर

केळीचे दोन घड एकावर एक डोक्यावर घ्यायचे तर मागे कोणीतरी लागतं. पहिला घड माणूस कसाबसा स्वतः उचलेल, दुसरा त्याच्यावर कोण ठेवणार? म्हणून आमच्या बुऱ्हाणपूरच्या मंडीत भराईचं काम जोडीनेच चालायचं. एकाने वाकायचं, दुसऱ्याने घड डोक्यावर नीट बसवून द्यायचे, मग वाकलेल्याने फळीवरून ट्रकात चढायचं. अर्धा ट्रक भरला की अदलाबदल. माझा जोडीदार जवळच्या फोपनार गावचा होता. माझ्याहून थोडा मोठा, अंगाने किडकिडीत, पण मान खांबासारखी. इतकी वर्षं आम्ही एकत्र भराई केली, की त्याने घड ठेवताना "हं" म्हणायचंही सोडून दिलं होतं. त्याचे हात निघाले की मी चालू लागायचो.

मंडी समितीवर हमाल-मापाड्यांचा एक मेंबर असतो. बाकी सगळे शेतकरी, व्यापारी नि सरकारी माणसं. आमच्यातला जुना मेंबर एका व्यापाऱ्याच्या पेढीवरच बसलेला असायचा. बैठकीत काय झालं विचारलं की म्हणायचा, "चहा चांगला होता." त्याची मुदत संपली तेव्हा मंडीतल्या निंबाखाली बसून सगळे म्हणू लागले की ह्या वेळी आपल्यातला माणूस पाठवू. पहिलं नाव माझ्या जोडीदाराचंच निघालं. कारण तो कोणाला भीत नसे आणि भांडणात दोन्ही बाजू त्याचं ऐकत.

तो तंबाखू मळत म्हणाला, "मी जाऊन काय करू? मले वाचता येत नाही. ते कागद पुढे सरकवतील नी मी अंगठा देऊन येईन. याले पाठवा." आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा पेपर वाचतो. हिंदी बोलतो. नी आवाज चढवत नाही."

माझ्याविरुद्ध जुना मेंबर उभा राहिला होता. मंडीच्या परवान्याचा बिल्ला असलेल्या प्रत्येक हमालाने मत दिलं आणि मी निवडून आलो. त्या दिवशी जोडीदाराने मला फळीच्या तोंडाशी उभं करून गळ्यात झेंडूची माळ घातली. सगळे हसत होते. मीही हसत होतो. आयुष्यात मला कोणी पहिल्यांदाच कशासाठी तरी निवडलं होतं.

पहिल्या बैठकीला काय घालायचं हा प्रश्न पडला. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही, आधी पिवळट दिसतो नि धुतल्यावर काळा पडतो. डाग नसलेला एकही सदरा माझ्याकडे नव्हता. बायकोने सिंधीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांमधली एकुलती एक पेटी उपसली आणि मुलीच्या लग्नात मिळालेलं कापड काढून शेजारच्या शिंप्याकडून पांढरा सदरा शिवून घेतला. "निदान तिथं तरी डाग नको," ती म्हणाली.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला व्यापारी, दुसऱ्या बाजूला शेतकरी मेंबर, एका टोकाला अध्यक्ष. अध्यक्ष बहादरपूरकडचे मोठे केळीवाले, बोलायला मऊ. मी दारातच थांबलो तेव्हा त्यांनीच हाक मारली, "आइए, आइए, मेंबरसाब, बैठिए." टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक खुर्ची होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मुद्दाम सोडल्या होत्या असं नाही. आधी आलेले लोक आपल्या ओळखीच्या माणसाशेजारी बसले होते आणि माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं, एवढंच. पण पुढच्या बैठकीलाही त्या रिकाम्याच राहिल्या, त्याच्या पुढच्याही.

मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. चहा सगळ्यांसारखाच येई. बोललो तर ऐकून घेत. पण बोलणं संपलं की अध्यक्ष "ठीक है, नोट कर लिया" म्हणत, आणि टेबलावरचं बोलणं विहिरीवरची दोरी पुन्हा चाकावर यावी तसं आपल्या जागी जाई. बैठक संपल्यावर व्हरांड्यात दोघे-तिघे उभे राहून लग्नाची, जमिनीची, मुलांच्या शाळांची बोलणी करत. मी चपला घालून निघत असे.

त्याहून अवघड होतं ते परत येणं. पहिल्या बैठकीनंतर मी सदरा बदलून निंबाखाली गेलो, तर बसलेले उठून उभे राहिले. मी म्हटलं, "अरे बसा ना भो." ते बसले, पण आधी चाललेलं बोलणं पुन्हा सुरू झालं नाही. एकाने खांद्यावरचा गमछा काढून ओट्यावर अंथरला, माझ्यासाठी. इतकी वर्षं मी त्याच ओट्यावर, काही न अंथरता, बसत आलो होतो.

मग भराईतही तसंच होऊ लागलं. मी डोक्यावर चुंबळ ठेवून वाकलो की कोणीतरी म्हणे, "मेंबर, तुम्ही कशाला? आम्ही आहोत ना." आधी वाटलं चेष्टा आहे. नंतर कळलं, चेष्टा नव्हती. आपला मेंबर घड वाहताना व्यापाऱ्यांनी पाहिला तर आपलीच किंमत कमी होते, असं त्यांना मनापासून वाटत होतं. समितीची कामं, कोणाच्या बिल्ल्याचं अडलेलं, कोणाचं भांडण, यांत माझा वेळही जायचा. जोडीदार माझी वाट पाहत रिकामा उभा राहायचा. एकदा मी कार्यालयातून आलो तर तो दुसऱ्याच्या डोक्यावर घड ठेवत होता. मला पाहून म्हणाला, "तू येशील न येशील, ट्रक थांबत नाही ना." खरंच होतं ते. मी "हो, हो" म्हटलं आणि निंबाखाली जाऊन बसलो. मंडी भरलेली होती, ट्रॅक्टर ओरडत होते, लिलावाची बोली चालू होती, आणि माझ्या हाताला काही काम नव्हतं. हाताला काम नसलं की गर्दीत माणूस किती उघडा पडतो ते मला त्या दुपारी कळलं.

जोडीदार पडला तेव्हा मी तिथे नव्हतो. ट्रक फाळक्यांपर्यंत, म्हणजे बाजूच्या कडांपर्यंत, भरला होता आणि वरचे थर चालले होते. उत्तरेकडे जाणारे ट्रक नेहमीच फाळक्यांच्या वर भरले जात, वरून पानं टाकून दोर आवळले जात. चीक सांडून फळी निसरडी झालेली असते, त्यावर माती टाकायची, हा आमचा उपाय. त्या दिवशीही टाकली असणार. दोन घड डोक्यावर घेऊन तो वर पोचला, पाय घसरला आणि ट्रकाच्या मागे खाली दगडी फरशीवर पडला. लोक सांगत होते, पडताना त्याने घड सोडले नाहीत. सोडले असते तर हात टेकता आले असते.

कमरेचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसलो. तो माझ्याकडे पाहत नव्हता, छताकडे पाहत होता. तसंच पाहत म्हणाला, "घड फुटले का रे?"

"मरू दे घड," मी म्हटलं.

"माझ्या डोक्यावरून कधी घड पडला नव्हता," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

मी मनाशी ठरवलं की आपण ज्या खुर्चीवर बसतो ती याच्यासाठीच आहे. पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागितल्या. फळी बंद करून ट्रकाच्या उंचीचा पक्का, पायऱ्या असलेला धक्का बांधा. आणि फाळक्यांच्या वर माल भरू नका. कोणाचं नाव मी घेतलं नाही. म्हणालो, फळीवरून माणसं पडतात.

एक व्यापारी म्हणाला, "सब जगह ऐसे ही भरते हैं, भाई."

शेतकऱ्यांपैकी एकाने विचारलं, "ट्रकात माल कमी बसला तर भाडं कोणावर बसेल? आमच्यावरच ना?" तो वाईट माणूस नव्हता, त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, भाडं वाटून घेता येतं. मोडलेलं हाड वाटून घेता येत नाही." मला वाटलं, जिंकलो. अध्यक्ष म्हणाले, "हम्माल भाइयों की क्या राय है, वो भी तो पूछ लो. पुढच्या बैठकीत बघू."

हमालांचं मत काय असणार, हे विचारायची गरजच नाही असं मला वाटत होतं. मी निंबाखाली सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. धक्क्याला सगळे हो म्हणाले. फाळक्यांची गोष्ट काढली तेव्हा काही जण तंबाखू मळू लागले. शेवटी सगळ्यात म्हातारा हमाल म्हणाला, "मेंबर, आपली मजुरी मालावर आहे ना? वरचा थर म्हणजे आपली भाजी. तो काढला तर खायचं काय?"

"ट्रक वाढतील," मी म्हणालो. "माल तेवढाच आहे. तो जाणार तर आहेच."

"नी नाही वाढले तर? व्यापारी रावेरच्या मंडीले जाईल. मग निंबाखाली बसून काय करू, तुमच्यासारखं?"

त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं की सहज, मला अजून कळलेलं नाही. कोणी हसलं नाही. दुसरा एक जण म्हणाला, "तुम्हाले आता चढायचं नाही, मेंबर. म्हणून तुम्हाले वरचा थर नको." मला चढू दिलं नव्हतं ते त्यांनीच, हे म्हणता आलं असतं. पण ते म्हणून काय होणार होतं?

मी फोपनारला गेलो. जोडीदार घरी आला होता, पडवीत खाटेवर बसून होता. वहिनींनी पाणी दिलं. मी त्याला सगळं सांगितलं, मला वाटलं हा तरी समजेल. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "माझ्यापायी काही मागू नको."

"तुझ्यापायी नाही. उद्या दुसरा पडेल."

"लोकं काय समजतील? अमका पडला म्हणून मंडीचा नियम बदलला. जन्मभर तेच राहील माझ्या नावावर. पडला तो."

वहिनी उंबऱ्यातून म्हणाल्या, "भाऊ बरोबर बोलून राहिले ना. तुम्ही पडले, ते खोटं आहे का?"

"तू गप बैस," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "चहा घेऊन जाय." म्हणजे जा. मी चहा घेतला आणि निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा होत्या, पाणी चालू होतं, आणि बसची वाट पाहत मी एकटाच थांब्यावर उभा होतो. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं का, याचा मी बसमध्ये विचार करत राहिलो.

पुढच्या बैठकीला समितीने त्यालाच बोलावलं. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. दार उघडलं आणि तो काठी टेकत आत आला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. त्याला बसायला खुर्ची दिली, ती नेमकी माझ्या शेजारची. त्या टेबलाशी माझ्या शेजारी बसलेला तो पहिला माणूस. तो माझ्याकडे न पाहता बसला. केळीच्या पानांचा नि तंबाखूचा त्याचा तो ओळखीचा वास आला.

अध्यक्षांनी प्रेमाने विचारलं, "दादा, क्या हुआ था, बताओ."

तो म्हणाला, "चूक माझी होती साहेब. पाय बरोबर ठेवला नाही. फळीचा काही दोष नाही."

"और ऊपर का माल?"

"आमचे बापही तसंच भरत आले."

एवढंच. सचिवाने लिहून घेतलं. व्यापाऱ्यांपैकी एकाने त्याच्यासाठी चहा मागवला, त्याने नको म्हटलं. उठताना त्याला काठी सापडेना, ती माझ्या खुर्चीखाली गेली होती. मी वाकून काढून त्याच्या हातात दिली. आमचे हात एकमेकांना लागले. तो गेला. मग मत घेतलं गेलं. फाळक्यांच्या मागणीच्या बाजूने हात एकच वर होता. धक्क्यावर "विचार केला जाईल" असं लिहिलं गेलं.

नंतर मंडीत लोक म्हणत होते, व्यापाऱ्याने त्याच्या मुलाला गोदामात नोकरी लावून दिली म्हणून तो असं बोलला. मुलगा खरंच गोदामात लागला होता. पण मला ते कधी पटलं नाही. मी त्याला ओळखतो. पडलेला माणूस म्हणून कोणी आपल्याकडे पाहू नये, एवढ्यासाठी तो तिथपर्यंत काठी टेकत आला होता.

घरी बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "चहा चांगला होता." ती पाहतच राहिली. मग तिने माझ्या पुढ्यातलं ताट उचलून परत आत नेलं, भाकरी गरम केली, आणि माझ्याशेजारी येऊन बसली. तीही दिवसभर वेफरच्या कारखान्यात केळी सोलून आलेली असायची, बोटं काळी झालेली. आम्ही दोघं आपापली काळी बोटं घेऊन जेवलो.

मुदत संपेपर्यंत मी प्रत्येक बैठकीत धक्क्याची गोष्ट काढत राहिलो. ती माझी सवय झाली आणि त्यांचीही. मी घसा साफ केला की कोणीतरी हसून म्हणे, "हाँ, धक्का." हळूहळू हमालांनी मला विचारणं सोडलं, बिल्ल्याचं काम असलं की तेवढं येत. दिवाळीला निंबाखाली सगळ्यांचा फराळ व्हायचा, तेव्हा मला वेगळ्या पुड्यात बांधून घरी पाठवला गेला. आदराने पाठवला होता. तो पुडा उघडायला माझा हात धजेना, बायकोने उघडला.

धक्का शेवटी झाला, पण माझ्या मागण्याने नाही. खोक्यांत भरलेला माल न्यायला गार ठेवणाऱ्या बंद गाड्या येऊ लागल्या. त्यांचं दार उंच असतं, फळीवरून खोकी आत ढकलता येत नाहीत. व्यापाऱ्यांनीच बैठकीत मागणी केली आणि एका बैठकीत ती मंजूर झाली. अध्यक्ष माझ्याकडे पाहून म्हणाले, "लो मेंबरसाब, आपका काम हो गया." ते खरोखर आनंदाने म्हणाले होते. मी हात जोडले. उन्हाळ्यात सिमेंट-खडी आली, गवंडी आले, बाजूने पायऱ्या आणि लोखंडी कठडा झाला. मग साधे ट्रकही तिथेच लागू लागले. वरचा थर चालूच राहिला, पण फळी गेली. त्यानंतर मंडीत चढताना कोणी पडल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुढे समितीची मुदत संपली, नवी निवडणूक झाली नाही, कारभार सरकारी अधिकाऱ्याकडे गेला आणि मी मेंबर राहिलो नाही. मला वाटलं होतं, आता पुन्हा पहिल्यासारखा होईन. पहिल्या सकाळी मी चुंबळ घेऊन धक्क्यावर गेलो. सगळ्यांच्या जोड्या लागलेल्या होत्या. नवी पोरं मला ओळखतही नव्हती, आणि जुने अजून "मेंबर"च म्हणत. काही दिवस मी सुट्टा हमाल म्हणून पडेल ते काम केलं. मग गुडघे बोलू लागले. एका पेढीवाल्याने फाटकापाशी ट्रॅक्टर रांगेत लावायचं काम दिलं, ते मी आजही करतो. शेतकरी बागेतून माल घेऊन येतात, मी हात दाखवतो, ते थांबतात, मी हात हलवतो, ते जातात. दिवसभरात शेकडो माणसांना मी हात दाखवतो.

जोडीदार एकदा मंडीत आला होता. मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून. मला दुरून दिसला. तो काठी टेकत धक्क्याच्या पायऱ्या चढला, वर जाऊन कठड्याला धरून उभा राहिला. समोर भराई चाललेली पाहत होता. मी फाटक सोडून त्याच्याजवळ गेलो. आम्ही शेजारी-शेजारी उभे राहिलो.

"पहिली पायरी जास्त उंच केली," तो म्हणाला. "घड घेऊन गुडघा दुखेल."

"हो," मी म्हणालो. "मी सांगितलं होतं गवंड्याले."

"ऐकलं नाही?"

"नाही."

त्याने मान हलवली. मी विचारणार होतो, त्या दिवशी तू तसं का बोललास. विचारलं नाही. तोही काही सांगायला आला होता की नुसतं पाहायला, मला कळलं नाही. मुलाने खालून हॉर्न वाजवला. मी जोडीदाराला उतरताना हात दिला, त्याने तो घेतला.

आता तो खांडव्याला मुलाकडे राहतो. कधीमधी मी फोन करतो. "कसं काय?" तो विचारतो. मी सांगतो, केळीला भाव आहे, नाहीतर नाही. तापीला पाणी आहे. म्हाताऱ्या हमालाचा नातू आता भराईला येतो. मग दोघंही गप्प होतो. फोनात त्याच्याकडच्या टीव्हीचा आवाज ऐकू येत राहतो. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना घड देत-घेत राहिलो आणि त्यात बोलायची गरजच पडली नव्हती, म्हणून बोलायचं कसं तेच दोघांना येत नाही.

परवा मी म्हटलं, "एकदा ये ना इकडे. बायको भरीत करते तुझ्यासाठी."

"बघू," तो म्हणाला. "बसमध्ये चढता येत नाही आता." थोडं थांबून म्हणाला, "ठेवतो मग." आणि फोन बंद झाला. मी फाटकावर उभा होतो. बहादरपूरकडून एक ट्रॅक्टर येत होता, चालक हॉर्न वाजवत होता, आणि मी त्याला हात दाखवला.